बॅटरीचे आयुष्य आणि वॉरंटीचा कागद

डॉक्टरांच्या संस्थेच्या स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादकांनी मला विषयाचे स्वातंत्र्य दिले. लसीकरण, बालकांचा आहार किंवा फार तर मुलांचे मोबाइलवेड यांपैकी एखादा विषय मी निवडीन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी मात्र घरच्या सौर बॅटरीवर लिहीत आहे. त्याला कारण आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ सुरू झाली. दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये साहाय्य मिळू लागले, तसे आपल्या पेडणे-डिचोली भागातील घरांवर सौर पॅनेल झपाट्याने दिसू लागले. बसवणाऱ्यांपैकी अनेकांच्या लक्षात नंतर येते, की केवळ ग्रिडला जोडलेला संच सरकारी वीज गेली की आपणहून बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती तरतूद आवश्यकच आहे. मग बॅटरीचा विचार सुरू होतो आणि आपले सभासद, रुग्णांचे पालक, शेजारीपाजारी मला विचारतात, “डॉक्टर, बॅटरी किती वर्षे टिकते हो?”

दुकानात याच प्रश्नाला मिळणारे उत्तर असे असते : “पाच वर्षांची वॉरंटी आहे.” वरवर पाहता उत्तर बरोबर वाटते. वस्तुतः ते दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर आहे. हा फरक समजायला मला एका वादळाची किंमत मोजावी लागली.

१६ मे २०२१

आमचे हळर्ण शापोरा नदीकाठचे गाव. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने येथील किल्ला घेतला आणि पुढे या गावाच्या नावाने ‘मार्किस द अलोर्न’ हा किताब मिरवला. त्या किल्ल्याचे जांभ्या दगडाचे चिरे अजून उभे आहेत, आणि त्यांना कोणी वॉरंटी दिल्याचे ऐकिवात नाही! गावातील आमच्या वडिलोपार्जित घराच्या पुढील खोलीत, म्हापशाची प्रॅक्टिस सांभाळून, मी आठवड्यातून दोन संध्याकाळी मुले तपासतो. तेथे लशींचा एक फ्रीज आहे. त्याच्यासाठीच २०१७ च्या मे महिन्यात मी छतावर पॅनेल आणि खाली १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या चार ट्यूब्युलर बॅटऱ्या बसवल्या. कार्डावर ठळक अक्षरांत छापले होते : ‘वॉरंटी ६० महिने’.

रविवार, १६ मे २०२१ रोजी सकाळी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. कोविडची दुसरी लाट जोरात होती. माड, फणस, आंबे तारांवर कोसळले आणि गावोगावची वीज गेली. आमच्याकडे ती आठच्या सुमारास गेली. मी निश्चिंत होतो. हिशेब सोपा होता. एक बॅटरी १.८ युनिटची, चार मिळून ७.२ युनिट. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये म्हणून ३.६ युनिट धरले. फ्रीज, दोन दिवे आणि एक पंखा मिळून अडीचशे वॅट. म्हणजे चौदा तास तरी हमखास. प्रत्यक्षात दुपारी एकच्या सुमारास इन्व्हर्टरने शिटी वाजवली आणि सगळे बंद पडले. आकाश काळेकुट्ट होते, त्यामुळे पॅनेलचाही उपयोग नव्हता. रस्ते झाडांनी अडले होते. शीतपेटी होती, पण तिच्या बर्फाच्या पिशव्या आदल्या दिवशीच मी म्हापशाच्या दवाखान्यात नेल्या होत्या. ही चूक सर्वस्वी माझी.

वीज तिसऱ्या दिवशी आली. फ्रीजमधील तापमापकावर कमाल तापमानाची नोंद होती १६ अंश. लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते, हे या वाचकांना सांगायला नको. मी सगळा साठा बाद केला. त्या मंगळवारी नदीपलीकडून सहा आठवड्यांच्या बाळाला पहिल्या डोसासाठी घेऊन एक आई आली होती. पावसातून, होडीने नव्हे तर लांबच्या पुलावरून फेरा घालून. “मग परत कधी आणू, दोतोर?” एवढेच तिने विचारले. माझ्यापाशी तारीख नव्हती.

कार्डावरील ‘६० महिने’

बॅटऱ्यांचा तो ४८ वा महिना होता. कार्ड घेऊन मी विक्रेत्याकडे गेलो, तेव्हा त्याची मागील बाजू प्रथमच नीट वाचली. साठ महिन्यांची फोड ‘३६ + २४’ अशी होती. पहिले ३६ महिने बॅटरी मोफत बदलून मिळणार आणि पुढचे २४ महिने ‘प्रमाणशीर’ सवलत. ही पद्धत आपल्या बाजारात सर्रास आहे, त्यात कोणा एकाला दोष देण्याचे कारण नाही. पण तिचा अर्थ समजून घ्यावा. समजा, बॅटरीची छापील किंमत २०,००० रुपये आहे आणि सवलत ३० टक्के. म्हणजे नवी बॅटरी १४,००० रुपयांना. परंतु तीच बॅटरी बाजारात कोणालाही १५,५०० ला मिळत असेल, तर वॉरंटीचा खरा लाभ झाला १,५०० रुपयांचा. शिवाय पाण्याच्या पातळीची नोंद आहे का, बॅटऱ्या कोठे ठेवल्या होत्या, असे प्रश्न आले. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ होते आणि दुसऱ्याचे ‘गच्चीवर, पत्र्याखाली’. मी मुकाट्याने घरी आलो.

तेव्हापासून वॉरंटीचे कागद वाचण्याचा मला छंदच लागला. औषधाच्या वेष्टनातील बारीक अक्षरांची चिठ्ठी वाचावी तसे मी ते वाचतो. त्यातून उमगलेले थोडक्यात मांडतो.

एका वचनात चार वचने

बॅटरीची वॉरंटी म्हणजे एक आकडा नव्हे. तीत बहुधा चार मर्यादा असतात : वर्षे, चार्ज-डिस्चार्जची चक्रे, बॅटरीतून एकूण पार होणारी वीज, आणि मुदतीअखेर शिल्लक राहील अशी क्षमता. त्यापुढे चार शब्द हमखास येतात : ‘जे आधी होईल ते’. सारा अर्थ तेथे दडलेला असतो.

परदेशातील एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. टेस्ला कंपनीची ‘पॉवरवॉल २’ आपल्याकडे दुकानात मिळत नाही, परंतु तिचा वॉरंटीचा कागद अभ्यासण्यासारखा आहे. क्षमता १३.५ युनिट, मुदत १० वर्षे, अखेरीस ७० टक्के क्षमतेची हमी. घरच्या सौर विजेसाठी आणि वीज गेल्यावरच्या वापरासाठी चक्रांवर मर्यादा नाही. मात्र अन्य प्रकारे वापरल्यास एकूण ३७,८०० युनिटांची मर्यादा लागू होते. भागाकार केला तर ही २,८०० पूर्ण चक्रे होतात. रोज एक चक्र धरले तर पावणेआठ वर्षांहून थोडी कमी. म्हणजे मुखपृष्ठावर दहा, आतल्या पानावर पावणेआठ! शिवाय पूर्ण मुदतीसाठी ती इंटरनेटला जोडलेली असावी अशी अपेक्षा आहे, एरवी कंपनी चार वर्षांपुरतीच बांधील राहू शकते. पावसाळ्यात आमच्या गावातील इंटरनेटची अवस्था ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या अटीचे महत्त्व सांगावे लागणार नाही.

दुसरीकडे एन्फेज कंपनीची ‘फाइव्ह-पी’ बॅटरी १५ वर्षे किंवा ६,००० चक्रे, आणि अखेरीस ६० टक्के क्षमता असे वचन देते. यांतील चांगले कोणते? १५ हा आकडा १० पेक्षा मोठा आहे एवढ्यावर निकाल देता येत नाही. दहाव्या वर्षी ७० टक्के आणि पंधराव्या वर्षी ६० टक्के यांची तुलना म्हणजे एका मुलाचे वजन दुसऱ्या वयाच्या मुलाच्या वजनाशी ताडून पाहण्यासारखे आहे. आपण बालरोगतज्ज्ञ वाढीचा तक्ता वापरतो तो याचसाठी. विक्रेत्याकडे मागायचा असतो तो असा तक्ता : कोणत्या तापमानाला, किती खोलवर रिकामी केल्यावर, किती चक्रांनंतर किती क्षमता उरते?

आपला वापर कसा, यावर हिशेब

आता आपल्याकडील दोन पर्याय पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत, वाचकांनी स्वतःचे भाव घालावेत. समजा, शिशाच्या चार बॅटऱ्या ६०,००० रुपयांना आहेत. दर चक्राला ३.६ युनिट आणि एकूण १,२०० चक्रे, म्हणजे आयुष्यभरात ४,३२० युनिट. युनिटमागे जवळजवळ १४ रुपये पडतात. लिथियम-लोह-फॉस्फेटची सुमारे ५ युनिटची बॅटरी समजा १,२०,००० रुपयांना आहे. दर चक्राला ४ युनिट आणि ४,००० चक्रे, म्हणजे १६,००० युनिट. युनिटमागे साडेसात रुपये. दुप्पट किंमत असूनही लिथियम स्वस्त ठरते.

पण थांबा. हा हिशेब रोज रात्री बॅटरीवर घर चालवणाऱ्याचा आहे. ज्याच्याकडे वर्षातून तीस-चाळीस वेळाच वीज जाते, त्याची ४,००० चक्रे शंभर वर्षांतही संपणार नाहीत. त्याची बॅटरी वापराने म्हातारी होत नाही, वयाने होते. त्याने चक्रांचा आकडा बाजूला ठेवून वर्षे पाहावीत. ६०,००० भागिले ५ आणि १,२०,००० भागिले १० : दोन्हींचे उत्तर वर्षाला १२,००० रुपये. येथे पारडे समतोल आहे. निर्णय मग देखभाल, जागा आणि वजन यांवर घ्यावा. ‘६,००० चक्रे’ या जाहिरातीला भुलून अशा घराने जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट. बॅटरी दिव्याच्या बल्बसारखी एका क्षणी मरत नाही. ती क्षीण होत जाते. म्हणून तिचे आयुष्य टक्क्यांनी मोजण्याऐवजी आपल्या गरजेने मोजावे. माझा फ्रीज, दोन दिवे व पंखा यांना दहा तासांसाठी अडीच युनिट लागतात. ५.१२ युनिटची लिथियम बॅटरी ६० टक्क्यांवर आली तरी तीन युनिट उरतात. म्हणजे वॉरंटीच्या शेवटच्या दिवशीही माझे काम भागेल. हाच हिशेब मी २०१७ मध्ये चौथ्या वर्षाची बॅटरी डोळ्यांपुढे ठेवून करायला हवा होता. मी नव्या बॅटरीच्या जोमावर विसंबलो.

आयुष्य कशाने घटते?

शिशाची बॅटरी फ्रान्समधील गॅस्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये बनवली. लिथियम-आयन बॅटरीसाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांपैकी गुडइनफ यांच्या टेक्सासमधील प्रयोगशाळेतून १९९७ मध्ये लोह-फॉस्फेटवरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच्या लेखकांत ए. के. पाढी व के. एस. नंजुंडस्वामी ही भारतीय नावे आहेत, ही आपल्याला अभिमानाची बाब. दोन्ही प्रकारच्या बॅटऱ्यांचा समान शत्रू म्हणजे उष्णता. शिशाच्या बॅटरीबाबत अंगवळणी पडलेला नियम असा, की २५ अंशांच्या वर तापमान दर दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. आमच्या गच्चीवरील पत्र्याखाली मी नंतर एका मे महिन्यात तापमान मोजले. दुपारी ते ४३ अंश होते. वॉरंटीच्या कार्डावरील मुदत ज्या तापमानाला गृहीत धरली होती, त्या हवामानात माझ्या बॅटऱ्या एक दिवसही राहिल्या नव्हत्या.

दुसरे कारण उपासमारीचे. शिशाची बॅटरी रिकामी होऊन तशीच राहिली, तर तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. पावसाळ्यात सलग ढगाळ दिवस, त्यात वीज नाही, आणि बॅटरी अर्धवट भरलेली : हे आपल्याकडचे नेहमीचे चित्र. तिसरे कारण डिस्टिल्ड वॉटरकडे झालेले दुर्लक्ष. लिथियमला पाणी लागत नाही, पण तीही सतत तापलेल्या जागी आणि काठोकाठ भरून ठेवली तर लवकर थकते.

कागदावरील आयुष्य आणि प्रत्यक्ष आयुष्य यांतील अंतर ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील चाचणीत उघड झाले. २०१६ पासून तेथे तीन टप्प्यांत एकूण २६ घरगुती बॅटऱ्या दिवसाला अनेक चक्रे या वेगाने चालवून पाहण्यात आल्या. काहींनी उत्तम कामगिरी केली, परंतु अनेक बॅटऱ्या मध्येच बंद पडल्या किंवा बदलाव्या लागल्या. क्षमता हळूहळू घटणे हा त्यांतील एक भाग होता. जोडणीतील व नियंत्रणातील बिघाड हा दुसरा. वॉरंटी म्हणजे आयुष्याचे भाकीत नव्हे. बिघडल्यास कोण, किती आणि कोणत्या अटींवर भरपाई करील, एवढाच तो करार आहे.

लशींच्या क्षेत्रात तर हा धडा जगाने आधीच घेतला होता. १९८० च्या दशकापासून दुर्गम भागांत बॅटरीवर चालणारे सौर फ्रीज बसवले गेले. पॅनेल टिकले, फ्रीज टिकले, पण बॅटऱ्या तीन ते पाच वर्षांत निकामी झाल्या आणि त्या बदलण्याची तरतूद कोणी केलेली नव्हती. म्हणून पुढे बॅटरीविना थेट सूर्यावर चालणारे आणि बर्फाच्या रूपात गारवा साठवणारे फ्रीज आले. जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना मान्यता दिली. माझ्या फ्रीजमध्ये आता बर्फाच्या पिशव्या कायम गोठलेल्या असतात. ती माझी दुसरी बॅटरी, आणि तिला वॉरंटी लागत नाही.

आयुष्य संपल्यानंतर

एका गोष्टीचा उल्लेख बालरोगतज्ज्ञ म्हणून केलाच पाहिजे. २०१७ पूर्वीचा माझा एक जुना इन्व्हर्टर-संच होता. त्याची बॅटरी मी भंगारवाल्याला वजनावर दिली, कारण त्याने दुकानदारापेक्षा दोनशे रुपये जास्त देऊ केले. ती पुढे कोठे गेली, हे मी विचारले नाही. २०२० मध्ये युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ यांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे, आणि उघड्यावर बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणे हे त्याचे एक मोठे कारण आहे. पेट्रोलमधील शिसे आपण २००० साली हद्दपार केले. बॅटरीतील शिसे मात्र आपल्याच दारातून बाहेर जाते. दोनशे रुपयांसाठी मी कोणाच्या तरी मुलाच्या बुद्धीशी खेळलो असेन, ही टोचणी आजही आहे. २००१ च्या नियमांपासून वापरलेली बॅटरी अधिकृत मार्गानेच परत करण्याची जबाबदारी ग्राहकावर आहे आणि २०२२ च्या नियमांनी ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावरही टाकली आहे. लिथियमलाही ते नियम लागू आहेत.

खरेदीपूर्वी

सभासदांच्या सोयीसाठी मी स्वतः पाळतो ती पथ्ये येथे देतो.

१. वॉरंटीचा संपूर्ण कागद पैसे देण्यापूर्वी मागावा. मोफत बदलीचे महिने आणि सवलतीचे महिने वेगळे लिहून घ्यावेत.

२. वर्षे, चक्रे, एकूण युनिट आणि शिल्लक क्षमता या चारही आकड्यांखाली आपल्या वापराचा हिशेब मांडावा. आपल्याला कोणती मर्यादा आधी गाठील ते पाहावे.

३. वॉरंटी उत्पादकाची की बसवणाऱ्याची, नेण्या-आणण्याचा व मजुरीचा खर्च कोणाचा, हे विचारावे. शिशाची एक मोठी बॅटरी पन्नास-साठ किलोंची असते.

४. बॅटरी पत्र्याखाली ठेवू नये. आमच्या घरातील चिऱ्याच्या जाड भिंतींची, पूर्वी भाताची कोठी असलेली खोली मी आता त्यासाठी वापरतो. शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून हवा खेळती हवी आणि झोपण्याची खोली टाळावी.

५. बिल, अनुक्रमांक, बसवल्याची तारीख आणि दर महिन्याची पाहणी एका वहीत लिहावी. आपण बाळाचे लसीकरण कार्ड ठेवतो तसे हे बॅटरीचे कार्ड.

६. वर्षातून एकदा, मे महिन्यात, वीज स्वतः बंद करून बॅटरी किती तास चालते ते मोजावे. क्षमता घटल्याचा हाच पुरावा वॉरंटीच्या मुदतीत उपयोगी पडतो.

७. वाजवी दावा नाकारला गेला तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

हळर्णच्या घरी आता लिथियमची बॅटरी आहे. दरवर्षी मेच्या तिसऱ्या रविवारी सकाळी आठ वाजता मी मुख्य स्विच बंद करतो आणि वही घेऊन बसतो. गेल्या वेळी घरातील सगळ्यांनी माझी थट्टा केली. रात्री आठ वाजता फ्रीजमधील तापमान पाहिले. ते पाच अंश होते. वहीत तारखेपुढे मी तेवढेच लिहिले आणि स्विच पुन्हा चालू केला.

नदीपलीकडचे ते बाळ आता शाळेत जाते. त्याचा राहिलेला डोस जूनमध्ये पूर्ण झाला. पण त्याच्या आईच्या प्रश्नाला त्या दिवशी माझ्यापाशी उत्तर नव्हते, हे मी विसरलेलो नाही. आपणांपैकी कोणावर तशी वेळ येऊ नये, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.